गावची लोकर, गावची घोंगडी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की पारनेर, संगमनेर आणि नगर तालुक्यांच्या माळरानावरील शेतकरी एके काळी दोन वस्तू हाताशी काढून ठेवीत असे : पेरणीची पाभर आणि खांद्यावरची घोंगडी. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन तो दिवसभर भुरभुर पावसात वावरे आणि रात्री तीच घोंगडी पांघरून राखणीस जाई. पाहुण्यास बसावयास घोंगडी, देवाच्या जागरणास घोंगडी, खळ्यावरच्या मुक्कामास घोंगडी, असा त्या वस्तूचा घराघरांत मान होता.

आज त्याच शेतकऱ्याच्या अंगावर रेनकोट दिसतो आणि घरात पॉलिएस्टरचे रंगीत ब्लँकेट असते. त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. स्वस्त, हलकी आणि लवकर वाळणारी वस्तू मिळाली, तर माणूस ती घेणारच. परंतु या बदलाबरोबर आपल्या गावातून काय निघून जात आहे, याचा हिशेब शेतकऱ्याने आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एकदा शांतपणे मांडावयास हवा. या हिशेबात मेंढपाळाचे, सूत कातणाऱ्या स्त्रीचे, विणकराचे आणि शेवटी शेतकऱ्याच्या जमिनीचेही खाते आहे.

जमीन, मेंढी आणि माग

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे व तेथे मुबलक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे यावे तसतसा पाऊस कमी होत जातो. पारनेर, नगर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत अवर्षण हे नेहमीचेच संकट. अशा हलक्या जमिनीच्या व तुटपुंज्या चाऱ्याच्या प्रदेशात जी जनावरे तग धरतात, त्यांत दख्खनी मेंढीचे स्थान वरचे आहे. ती लांबवर चालते, निकृष्ट चाऱ्यावर जगते आणि उन्हातान्हास दाद देत नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात, ज्याची स्थापना १९६८ साली झाली, या जातीच्या सुधारणेचे काम चालत आले आहे.

मेंढपाळाशी शेतकऱ्याचा संबंध जुना आहे. पीक निघाले की तो वाडा बोलावून रानात मेंढरे बसवितो. रात्रभरात शेकडो मेंढ्यांचे लेंडीखत व मूत्र जागच्या जागी जमिनीस मिळते. त्याच्या मोबदल्यात मेंढपाळास धान्य किंवा रोख रक्कम मिळते. वाहतूक नाही, मध्यस्थ नाही आणि दोघांचाही लाभ होतो. स्थानिक व्यवहाराचा याहून चांगला नमुना शोधावा लागणार नाही. प्रश्न एवढाच की, जो शेतकरी मेंढीच्या खताचे मोल जाणतो, त्याने तिच्या लोकरीचे मोल का विसरावे?

एका घोंगडीमागे किती हात?

दख्खनी मेंढीची लोकर जाड व भरड असते. काळी, पांढरी, करडी व तपकिरी असे तिचे नैसर्गिक रंग असतात. वर्षातून साधारणतः दोनदा कातरणी होते आणि एका मेंढीपासून वर्षाकाठी सुमारे अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, त्यातल्या त्यात मऊ असल्याने तिच्या घोंगडीस अधिक मान असतो.

कातरलेली लोकर प्रथम निवडतात. काटेकुटे, कुसळे व लेंड्या काढून रंगाप्रमाणे ढीग करतात. नंतर ती पिंजून तिचे पेळू करतात व चरख्यावर किंवा चातीवर सूत कातले जाते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. विणण्यापेक्षा कातण्यासच अधिक दिवस लागतात, हे घोंगडी विकत घेणाऱ्यास सहसा ठाऊक नसते. पुढे ताणा लांबवर पसरून त्यास चिंचोक्यांची खळ कुंच्याने चोपडतात. खळ वाळली की ताण्याचे सूत ताठ व मजबूत होते, आणि मगच सणगर विणकर खड्डामागावर बसून धोटा फेकू लागतो. चिंचोके गावचे, लोकर गावची, हात गावचे. बाहेरून विकत आणावे असे या धंद्यात फारच थोडे आहे. म्हणूनच घोंगडीस दिलेला रुपया बहुतांशी परिसरातच फिरतो.

वस्तू म्हणूनही घोंगडी कमी प्रतीची नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते व तरीही अंगाला चटकन ओली लागत नाही. कृत्रिम धाग्याप्रमाणे ती वितळून कातडीस चिकटत नाही आणि सहजासहजी भडकतही नाही. शेकोटीजवळ रात्र काढणाऱ्या राखणदारास या गुणाचे महत्त्व सांगावयास नको. नवी घोंगडी खळीमुळे ताठ व बोचरी लागते, परंतु वापराने ती नरम होते व नीट निगा राखल्यास वर्षानुवर्षे टिकते.

लोकर टाकून का द्यावी लागते?

असे असूनही आज पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर किंवा ओढ्याकाठी टाकून दिली जाते. कातरणी टाळता येत नाही, कारण वाढलेल्या लोकरीत गोचीड व पिसवा माजतात आणि उन्हाळ्यात मेंढीस त्रास होतो. म्हणजे कातरणाऱ्याची मजुरी मेंढपाळास द्यावीच लागते, परंतु लोकरीस येणाऱ्या भावातून ती मजुरीही कित्येकदा सुटत नाही. जे एके काळी उत्पन्न होते, ते आता खर्चाचे कलम झाले आहे.

याची कारणे उघड आहेत. पानिपतसारख्या ठिकाणी जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून व कृत्रिम धाग्यांपासून स्वस्त ब्लँकेटे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. उंची लोकरी कपड्यांसाठी ऑस्ट्रेलियातून तलम लोकर आयात होते आणि आपली भरड लोकर त्या कामी येत नाही. अशा रीतीने दख्खनी लोकरीस खालूनही गिऱ्हाईक राहिले नाही आणि वरूनही नाही. मेंढपाळाने यावर आपल्या परीने उत्तर शोधले. मांसास भाव चांगला असल्याने तो कमी लोकरीच्या व अधिक वजनाच्या माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे वळू लागला. त्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु परिणाम असा की, ज्या विणकरास अजून घोंगडी विणता येते, त्यास चांगली लोकर मिळणे कठीण झाले आहे आणि ज्या मेंढपाळाकडे लोकर आहे, त्यास विणकर सापडत नाही. विणकराची मुले दुसऱ्या कामास लागली आहेत. कातणाऱ्या स्त्रियांची पिढी थकली आहे. हे ज्ञान पुस्तकात उतरलेले नाही. ते हातात आहे, आणि हात थांबले की ते संपते.

चौंडीच्या कन्येचा धडा

या बाबतीत आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात एक उपयुक्त उदाहरण आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म धनगर कुटुंबात झाला. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी होळकरांच्या राज्याचा कारभार पाहिला आणि नर्मदाकाठचे महेश्वर हे आपल्या राजधानीचे ठिकाण केले. २०२४ साली आपल्या जिल्ह्यास त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांची मंदिरे व घाट सर्वांस परिचित आहेत. तथापि महेश्वरी साडीचा धंदा त्यांच्याच आश्रयाने उभा राहिला, ही गोष्ट शेतकऱ्यांस व कारागिरांस विशेष बोधप्रद आहे.

त्यांनी बाहेरगावचे कुशल विणकर महेश्वरात आणून वसविले. तेथे विणलेली वस्त्रे दरबारात वापरली जात व पाहुण्यांस भेट म्हणून दिली जात, असे परंपरेने सांगितले जाते. विणकरास त्यांनी राहावयास जागा दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी त्यास खात्रीचे गिऱ्हाईक दिले. पुढे राजाश्रय गेला, गिरणीचे कापड आले आणि महेश्वरचे माग मंदावले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे रेहवा सोसायटी स्थापन झाली आणि जुन्या काठांना नव्या वस्त्रांची व नव्या गिऱ्हाइकांची जोड मिळाली. तेव्हा ते माग पुन्हा बोलू लागले.

नगर शहर व भिंगार यांचा अनुभवही हेच सांगतो. येथील हातमागाच्या साड्या एके काळी प्रसिद्ध होत्या व १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये या धंद्याचे वर्णन आले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनमधील डी. सी. चर्चिल यांनी नगर येथे सुधारित हातमागही बनविला. माग सुधारला, तरी पुढे गिरणी व यंत्रमाग यांच्यापुढे हा धंदा ओसरला. तात्पर्य, कारागिरास अवजार पाहिजे, कर्ज पाहिजे, प्रशिक्षणही पाहिजे, परंतु तयार माल घेणारा नसेल तर या तिन्हींचा उपयोग होत नाही.

आधार म्हणजे आगाऊ मागणी

यास्तव गावच्या कारागिरास आधार देणे म्हणजे त्याची कीव करणे किंवा जत्रेत त्याचा फोटो काढणे नव्हे. आपली मागणी त्यास हंगामापूर्वी कळविणे आणि ठरल्याप्रमाणे माल उचलणे, हा खरा आधार होय. विणकर गरीब असतो. माल तयार करून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसण्याइतके भांडवल त्याच्यापाशी नसते. थोडा विसार हाती पडला, तर तो मेंढपाळाकडून लोकर रोखीने घेऊ शकतो व कातणाऱ्या स्त्रियांस वेळेवर मजुरी देऊ शकतो.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एका गावात ३०० उंबरे आहेत. प्रत्येक घराने दहा वर्षांतून एकदाच घोंगडी घ्यावयाचे ठरविले, तरी गावची मागणी वर्षाला ३० घोंगड्यांची होते. एका घोंगडीचे वजन अडीच किलो धरले, तर ७५ किलो तयार लोकर लागेल. निवडण्या-पिंजण्यातील तूट धरून कच्ची लोकर सुमारे ९० किलो घ्यावी लागेल. मेंढीमागे ६०० ग्रॅमप्रमाणे ही सुमारे १५० मेंढ्यांची वर्षाची लोकर झाली. म्हणजे एका गावाच्या इतक्या अल्प मागणीने एका वाड्याची लोकर उकिरड्यावर जाण्याचे वाचते आणि कित्येक स्त्रियांस व एका विणकरास काम मिळते. पाच गावांनी मिळून हे केले, तर माग वर्षभर थांबणार नाही.

कोणी म्हणेल, घोंगडी महाग पडते. हे खरे आहे. हाताने कातलेली घोंगडी बाजारातील ब्लँकेटपेक्षा पुष्कळ महाग असते, व ती प्रत्येकास परवडेल असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु गाव एकत्रितपणे जो खर्च करतेच, त्यातून सुरुवात करता येईल. प्रत्येक सभेत व सत्कारात आपण शाल व श्रीफळ देतो. ती शाल बहुधा कृत्रिम धाग्याची असते व घरी जाऊन कपाटात पडते. तिच्या जागी गावच्या लोकरीची घोंगडी किंवा लहान आसन दिले, तर सत्कार पाहुण्याचाही होतो व कारागिराचाही. अंगणवाडीस, वाचनालयास व भजनी मंडळास लोकरीची बैठक चालते. आसनास लोकर थोडी लागते, किंमत आटोक्यात राहते आणि नवशिक्या विणकरास हात बसविण्यास ते सोयीचे असते.

प्रत्येकाने काय करावे?

मेंढपाळांनी कातरणीपूर्वी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळू द्याव्यात. कातरणी मातीत न करता ताडपत्रीवर करावी. काळी, पांढरी व करडी लोकर वेगळी ठेवावी, तसेच जावळ निराळे बांधावे. पोटाखालची व शेपटीकडील घाण लोकर चांगल्या लोकरीत मिसळू नये. ओळखीच्या खुणेसाठी अंगावर डांबर किंवा तैलरंग लावू नये, कारण तो धुऊन निघत नाही व सर्व लोकर बिघडवितो. लोकर कोरड्या जागी ठेवावी. स्वच्छ व निवडलेल्या लोकरीस विणकर दोन पैसे जास्त देऊ शकतो, कारण त्याची मेहनत वाचते.

विणकरांनी लांबी, रुंदी व वजन सांगूनच माल विकावा. ज्या घोंगडीत कृत्रिम किंवा गिरणीचे सूत मिसळले असेल, ती तशी सांगून विकावी. एकदा विश्वास गेला की गिऱ्हाईक परत येत नाही व त्याचा फटका खऱ्या मालासही बसतो.

गिऱ्हाइकाने घोंगडीची पारख शिकून घ्यावी. दशांतील एक धागा तोडून जाळून पाहावा. लोकरीचा धागा केस जळल्यासारखा वास देतो व त्याची राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कडक गोळी होते. घेतलेल्या घोंगडीची निगाही राखावी. ती वारंवार धुऊ नये. अधूनमधून झटकून उन्हात टाकावी आणि ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाही. योग्य किंमत न कुरकुरता द्यावी, पण वाईट माल कीव म्हणून घेऊ नये. चोख गिऱ्हाईकच कारागिराचा हात चोख ठेवते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एक वही करावी. आपल्या कार्यक्षेत्रात मेंढ्या किती, कातरणी कोणत्या महिन्यात होते, कातणाऱ्या स्त्रिया कोण आहेत व नजीकचा विणकर कोणत्या गावी आहे, एवढे त्यात लिहावे. पुष्कळदा दहा कोसांवरील मेंढपाळ व विणकर एकमेकांस ठाऊक नसतात. त्यांची गाठ घालून देणे हेच मोठे काम आहे. ग्रामसभेत घोंगड्यांची मागणी नोंदवून विसार गोळा करण्याचे काम एखाद्या महिला बचत गटाकडे द्यावे. मढीची कानिफनाथांची यात्रा, कोरठणच्या खंडोबाची यात्रा व तालुक्याचे आठवडे बाजार येथे विणकरास मोक्याची जागा मिळवून द्यावी.

शासकीय योजनांची माहिती देताना कोणती योजना कोणास लागू आहे, हे नीट पाहावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, तसेच टोपल्या, चटया व झाडू करणारे येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची तरतूद आहे. हातमाग विणकर मात्र या यादीत नाही. त्याने विणकराचे ओळखपत्र काढून हातमाग विभागाच्या योजनांचा लाभ घ्यावा. त्या कामी मुंबईच्या विणकर सेवा केंद्राकडे विचारणा करता येते. हातमागासाठी राखीव ठेवलेल्या वस्त्रांविषयी १९८५ चा कायदा आहे व त्यातील ११ प्रकारच्या वस्त्रांत कांबळीचाही समावेश आहे, हेही विणकरास माहीत असावे.

हाच नियम इतरांसही

घोंगडीविषयी जे सांगितले, तेच गावच्या इतर कारागिरांसही लागू पडते. अकोले तालुक्यात बांबू आहे व त्याच्या पाट्या, टोपल्या व कणग्या करणारे हात आहेत. लोहाराने शेवटलेला विळा किंवा खुरपे बोथट झाले, तर तोच पुन्हा पाणी देऊन देतो. बाजारातील पत्र्याचे खुरपे मोडले की टाकून द्यावे लागते. बलुत्याची जुनी पद्धत गेली, आणि तिच्यातील जातिबद्ध सक्ती व अपमान गेला हे इष्टच झाले. तिच्यातली एक चांगली गोष्ट तेवढी राखण्यासारखी आहे. वर्षाचे काम वर्षाच्या आरंभी ठरलेले असे. आज तोच व्यवहार बरोबरीच्या नात्याने, रोखीने व स्वखुशीने करता येईल.

बाहेरच्या जगाचे लक्षही या लोकरीकडे वळू लागले आहे. दख्खनी लोकरीवरील ‘देसी ऊन’ या सचेतपटास २०२५ साली फ्रान्समधील आनसी येथील महोत्सवात पारितोषिक मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु परदेशातील कौतुकाने बांधावरची लोकर मागावर येत नाही. ती आणावयाची असेल, तर गावातील दहा घरांनी मागणी नोंदवावी लागेल.

शेतकरी बंधु-भगिनींनो, यंदा आपल्या रानात मेंढरे बसविण्यास वाडा येईल, तेव्हा मेंढपाळास खताबरोबर लोकरीचीही विचारपूस करा. ती कोणत्या महिन्यात कातरणार व कोठे जाणार, हे विचारून ठेवा. जवळचा विणकर शोधून त्यास एका घोंगडीचा विसार द्या. पुढच्या मृगापर्यंत ती घोंगडी तयार होऊन आपल्या घरी येईल, आणि तिच्या पैशातून एका मेंढपाळाची कातरणी, एका भगिनीचे कातकाम व एका मागाचे काही दिवस निघालेले असतील.